चौकटीत न मावलेल्या वन्सं

आमच्या वन्सं कवळ्या करतात. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन मी सासरी आले, तेव्हा सासूबाईंनी बाजूला घेऊन बजावलं होतं, "हिच्याशी वाद घालू नकोस बाई, हरशील." मी दुसऱ्याच दिवशी वाद घातला आणि हरले. तेव्हापासून आमचं छान जमतं. त्यांच्या कारखान्यात मी गिऱ्हाइकांच्या वेळा ठरवते, तयार कवळ्यांना पॉलिश करते आणि कोणी रडायला लागलं तर पाणी देते. दात गेलेली माणसं किती रडतात, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही.

हे लिहायला बसले त्याला कारण आहे. एका मोठ्या संस्थेने वन्संवर तीन परिच्छेद लिहिले होते, फोटोसकट, चौकट आखून. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, असं लिहिणाऱ्याचं म्हणणं होतं, आणि ते बरोबरही होतं. तरी ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती अजून पुरती उतरलेली नाही.

कारखाना आपला म्हणायचा म्हणून. इमारतीच्या जिन्याखालची लांबोळकी खोली. भिंतीला फळ्या ठोकलेल्या, त्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. वन्संना नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून जबड्यांवर पेन्सिलीने 'घोरणारे', 'दोन सुना', 'जावई वकील' असं लिहिलेलं असायचं. खिडकीशी मेण वितळवायचा दिवा, पलीकडे साचे उकळायचं भांडं, आणि गुलाबी पुडीत द्रव कालवताना सुटणारा तो उग्र वास, जो कितीही न्हालं तरी माझ्या केसांतून जात नाही. दाराशी खुर्चीवर भावोजी, म्हणजे वन्संचे यजमान. आयुष्यभर बस चालवली, निवृत्त झाल्यावर तिथे पेपर वाचत बसायचे आणि येणाऱ्याला सांगायचे, "बसा. ती ओरडेल, पण मनावर घेऊ नका."

वन्सं ओरडायच्या ते उगाच नाही. कवळी पक्की करण्याआधी मेणात बसवलेले दात एकदा तोंडात घालून बघावे लागतात. त्या वेळी वन्सं गिऱ्हाइकाशी भांडण उकरून काढतात. त्यांचं म्हणणं असं, की भला माणूस नवे दात घालून भलेपणानेच बोलतो. तोंड जपून उघडतो, छान आहे म्हणतो आणि घरी गेल्यावर कवळी डबीत टाकतो. भांडणात माणूस दातांना विसरतो. मग कुठे खटखट होते, कुठे शिट्टी वाजते, ते कळतं. एका अतिशय शांत ग्रंथपालांना त्यांनी विचारलं होतं, "पुस्तकं वाचून कोणाचं भलं झालंय हो?" तो गृहस्थ थांबेचना. वन्संनी ऐकता ऐकता त्यांचे वरचे दोन दात जरा आत घेतले.

स्वभावाने गोड वगैरे त्या नाहीत. पत्त्यांत लबाडी करतात. टाय लावलेला माणूस खोटंच बोलतो, असा त्यांचा पक्का समज आहे, आणि खुद्द आमच्या लग्नातल्या फोटोत माझ्या नवऱ्याने टाय लावलाय म्हणून तो फोटो त्या भिंतीवर लावू देत नाहीत. कौतुक करायचं तर घशात हाड अडकल्यासारखं करतात. मी इतकी वर्षं पॉलिश करते आहे, एकदाही "बरं झालंय" म्हणाल्या नाहीत. पण गिऱ्हाईक आरशात बघून हसलं की मान वळवून डोळे पुसतात, हे मी पाहिलेलं आहे.

त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, शिंपी होते. पोरीने मशीनवर बसावं अशी त्यांची इच्छा. पोरीने कुठेतरी वाचलं की सरकारी उद्योगशाळेत दात करायला शिकवतात, आणि हट्ट धरला. सासरे म्हणाले, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आणि तू दात करून भरणार?" तरी ती गेली. फी नव्हती, वसतिगृहात जेवण होतं, वर थोडं विद्यावेतन मिळायचं, ते ती घरी पाठवायची. प्लास्टर, मेण, हत्यारं, सगळं शाळेचं. शिकवणाऱ्या बाई एक अजब प्रकरण होत्या. मुलीने आपली पहिली कवळी पूर्ण केली, की बाई ती हातात घेऊन नीट न्याहाळायच्या, दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या आणि मग फरशीवर टाकून टाचेखाली चुरा करायच्या. म्हणायच्या, "एक करता येते म्हणजे काही येत नाही. आता दुसरी कर." वन्संनी त्या दिवशी संडासात जाऊन भोकाड पसरलं होतं. आजही काही अडलं की त्या हवेत बघून विचारतात, "बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?" आणि उत्तरही स्वतःच देतात.

शिकून आल्यावर वीस-बावीस वर्षं त्यांनी दंतवैद्यांची कामं केली. कायदाच तसा आहे. माणसाच्या तोंडात हात घालायचा तो फक्त दंतवैद्याने. माप त्याने घ्यायचं, कारागिराने त्याच्या चिठ्ठीवरून कवळी करून पाठवायची, बसवायची पुन्हा त्यानेच. कारागिराने गिऱ्हाईक बघायचं नाही. "प्लास्टरच्या माणसांसाठी दात करून कंटाळले," वन्सं म्हणायच्या. "हे हसतात कसे, बोलतात कसे, मला काय कळणार? आंधळ्याने आरसा विकावा तसं चाललं होतं." शेवटी त्यांनी जिन्याखालची खोली घेतली, दार उघडलं आणि माणसं सरळ आत घ्यायला लागल्या. चोरून नाही. हवं तर या, नको तर जा. हिरडीवर काही भलतं दिसलं तर हात न लावता डॉक्टरकडे धाडायच्या. लोक यायला लागले ते थांबलेच नाहीत.

आणि मग व्हायचं ते झालं. दंतवैद्यांच्या संघटनेने तक्रार केली. एका सकाळी दोन अधिकारी आले, त्यांनी भावोजींना खुर्चीवरून उठवलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि दाराला टाळं लावून त्यावर लाखेचं सील ठोकलं. परवान्याशिवाय रुग्णसेवा केल्याचा खटला भरला. आत मेणात बसवलेले दात, ओले साचे, माझा चष्मा, सगळं तसंच राहिलं. लोक दाराशी येऊन सील बघायचे आणि तोंडावर हात धरून परत जायचे. वन्सं घरी बसून भांडी घासायच्या. घासलेलीच पुन्हा घासायच्या. त्यांना असं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते अजिबात सोसत नव्हतं.

अशात तो मुलगा आला. मुलगा म्हणजे तिशीचा असेल. नम्र, घामाघूम, खांद्याला लॅपटॉपची बॅग. एका अभ्याससंस्थेत काम करायचा. बाजार मोकळा असावा, धंद्यावर नियमांची ओझी कमीत कमी असावीत, असं मानणारी ती संस्था. मी विचारलं, तुम्ही विकता काय? म्हणाला, काही नाही. निवडणूक लढवता? नाही. मग? म्हणाला, "आम्ही अभ्यास करून अहवाल लिहितो. कुठला नियम लोकांना जाचतो ते शोधतो, तो कसा बदलावा याचा मसुदा करतो आणि आमदारांना, मंत्र्यांना जाऊन पटवतो." पैसे देणगीदार देतात. म्हणजे दुकान विचारांचं, आणि गिऱ्हाईक सरकार. माझ्या नवऱ्याने त्याचं नाव लगेच 'अहवाल' ठेवून टाकलं.

मला पहिल्यापासून धाकधूक होती. सोन्याची झाली म्हणून सुरी कोणी उरात खुपसून घेत नाही. पण खरं ते सांगायला हवं. ज्या वर्षात एकाही पुढाऱ्याने आमचा फोन उचलला नाही, त्या वर्षात हा मुलगा दर आठवड्याला आला. त्याच्या संस्थेने खटल्यासाठी वकीलबाई दिल्या, फुकट. दुसऱ्या कितीतरी देशांत कवळी करणारा थेट माणसाला कवळी बसवतो आणि आभाळ कोसळत नाही, हे त्याने आम्हाला कागद दाखवून सांगितलं. वन्संसारख्या कारागिरांना परवानगी द्यावी असा कायद्याचा मसुदा त्याच्या संस्थेने लिहिला आणि एका आमदाराकरवी विधिमंडळाच्या समितीपुढे नेऊन ठेवला. हे काम आमच्याच्याने सात जन्मांत झालं नसतं. वन्सं त्याच्याशी भांडायला लागल्या, तेव्हा मी ओळखलं की त्यांचा जीव ताळ्यावर आला आहे.

समितीपुढे ठेवायला संस्थेचा मोठा अहवाल तयार होत होता. त्या संस्थेची एक पद्धत आहे. प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर एक चौकट असते. चौकटीत एक माणूस, त्याचा फोटो आणि त्याच्या वाटेतला एक अडथळा. आकडे नंतर. वाचणारा आधी हळहळला पाहिजे, मग आकडे गळी उतरतात, असं आमच्या अहवालाने, म्हणजे त्या मुलाने, मला समजावलं. या वेळच्या चौकटीत वन्सं. फोटोग्राफर आला, त्याने वन्संना सील केलेल्या दारापुढे उभं केलं आणि सांगितलं, "हसू नका, तोंड मिटा." ज्या बाईने हजारांना तोंडं उघडायला लावली तिला हा सांगतो तोंड मिट. वन्संनी मिटलं, पण फोटोत त्यांना ढेकर आल्यासारखं दिसतं.

छापण्याआधी तो मुलगा प्रत घेऊन आला. वन्संनी चष्मा लावून चौकट वाचली. लिहिलं होतं, की ही बाई शिंप्याची मुलगी, लहान वयात घराबाहेर पडली. स्वतःच्या हिमतीवर तिने कला हस्तगत केली. एकटीने धंदा उभारला. सरकारकडे तिने कधी हात पसरला नाही, आणि सरकारने तिला दिलं ते एकच, दाराला टाळं.

"ही बाई कोण?" वन्संनी विचारलं.

अहवाल हसला. "तुम्हीच."

"एकटीने? हे दाराशी बसलेले काय भाड्याने आणले होते?"

भावोजींनी पेपर खाली केला आणि परत वर धरला.

"आणि शाळा कुठाय?"

"कुठली शाळा?"

"माझी. तुला दहा वेळा सांगितली. बाईंचं सांगितलं, टाचेखाली चुरा केला ते सांगितलं. तू हसलास, लिहून घेतलंस."

तो जरा चुळबुळला. म्हणाला, "ते छानच आहे हो, मावशी. पण चौकटीत एकच अडथळा बसतो. सरकारने शिकवलं आणि सरकारनेच बंद केलं, असं लिहिलं की वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. खोटं काहीच लिहिलेलं नाही. हिमतीवर शिकलात हे खरंच आहे ना?"

वन्सं पानं उलटत गेल्या. शेवटी शिफारशी होत्या. पहिली आमचीच, कारागिरांना परवानगी द्यावी. ती वाचून मला हायसं वाटलं. चौथ्या शिफारशीवर वन्संचं बोट थांबलं. सरकारी उद्योगशाळा टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात, असं तिथे होतं. कौशल्य माणूस गरजेपोटी आपण होऊन मिळवतो, त्यासाठी सरकारी खर्चाची जरुरी नाही. उदाहरणार्थ, पहिल्या पानावरची चौकट पाहा.

"माझं उदाहरण देऊन माझीच शाळा बंद करतोस?" वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मी घाबरले. अहवालाचा चेहरा पडला. चौथी शिफारस त्याने लिहिली नव्हती, ती संस्थेतल्या दुसऱ्या खोलीतून आली होती. त्यालाही ते एकत्र वाचताना पहिल्यांदाच दिसलं असावं.

दुसऱ्या दिवशी वन्संनी मला बरोबर घेतलं आणि थेट संस्थेचं ऑफिस गाठलं. चौथा मजला, काचेची दारं, जिथे तिथे झाडांच्या कुंड्या, आणि सगळे इतके हळू बोलणारे की कोणी आजारी आहे की काय असं वाटावं. संचालिकाबाई साठीच्या, नीटनेटक्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी आम्हाला ताटकळत ठेवलं नाही, हे कबूल करते.

त्या म्हणाल्या, "तुमची शाळा तेव्हा चांगली असेल. आज जाऊन बघा. निम्मी बाकं रिकामी, यंत्रं गंजलेली, शिकवतात ते वीस वर्षांपूर्वीचं. करदात्याचा पैसा त्यात का घालायचा?"

"घर गळतं म्हणून कोणी घर पाडत नाही, पत्रे बदलतात," वन्सं म्हणाल्या.

"आमचा अभ्यास वेगळं सांगतो."

"सांगू दे ना. तुमचा अभ्यास तुम्ही मांडा, मी काय तुमचं तोंड धरायला आले? पण माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून माझ्याच शाळेवर गोळी झाडू नका. चौकटीत शाळा घाला, नाहीतर मला काढा."

संचालिकाबाईंनी समोरची प्रत मिटली. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला धमकी देत नाही, जे आहे ते सांगते. समितीपुढे तुमची साक्ष आहे. तिथे तुम्ही सरकारी शाळेचे गोडवे गायलात, तर दंतवैद्यांची संघटना तेच उचलून धरेल. प्रशिक्षण, नियंत्रण, सरकारची देखरेख, सगळं पुन्हा टेबलावर येईल. मसुदा बारगळेल. तुमचं सील निघायचा रस्ता तेवढा एकच आहे. वर्षभर तुमच्यासाठी झटलोय आम्ही. निर्णय तुमचा."

परत येताना रस्ताभर मी दम धरला. वन्संच्या घरी पोचल्यावर मात्र मी तोफ डागली. मी म्हटलं, "ते लिहून देतील त्या दोन ओळी वाचा आणि गप्प बसा. तुमचं काय जातंय? शाळा काय तुमच्या एका वाक्याने उघडी राहणार आहे? आणि आमचं काय? मी काय करू, घरी बसून कुणाच्या दातांना पॉलिश करू?"

"तू माझ्या बाईंना ओळखत नाहीस."

"त्या वारल्या कधीच्या!"

"म्हणून तर," वन्सं म्हणाल्या. "त्या काही सांगायला येणार नाहीत."

मी भावोजींकडे वळले. म्हटलं, तुम्ही तरी समजवा. ते म्हणाले, "हिला समजावता आलं असतं तर मी बस कशाला चालवली असती, वकील झालो असतो." मी पाय आपटत निघून आले. माझं तेव्हाचं म्हणणं काही वेडगळ नव्हतं, हे मी आजही सांगेन. पोटाला काय लागतं ते मला कळतं.

समितीची खोली थंडगार होती. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि माइक. अध्यक्ष म्हातारे होते आणि बोलताना त्यांची खालची कवळी टकटक वाजत होती. वन्संची नजर तिथे खिळली आणि मी देवाचा धावा सुरू केला, की बाई, आता याचं माप घ्यायला उठू नकोस. अहवाल आमच्या मागे बसला होता. त्याने लिहून दिलेला कागद वन्संच्या हातात होता. संघटनेतर्फे एक टायवाले दंतवैद्य आले होते. त्यांनी आधी बोलून घेतलं, की अशा अशिक्षित लोकांच्या हाती जनतेची तोंडं देणं धोक्याचं आहे.

वन्सं उठल्या. कागदाची घडी त्यांनी पर्समध्ये ठेवली. मागे अहवालाने सुस्कारा टाकलेला मला ऐकू आला.

"अशिक्षित म्हणाले हे," वन्सं म्हणाल्या. "मी सरकारी उद्योगशाळेत शिकले. जेवण सरकारचं, प्लास्टर सरकारचं, शिकवणाऱ्या बाईंचा पगार सरकारचा. मला दोन्ही हात सरकारने दिले. आणि ते बांधायलाही सरकारच आलं. दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं लपवायला मी काही इथे लग्न जमवायला आलेली नाही."

कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी पुढे बोलायची खूण केली.

"माझं दार उघडा, हे माझं म्हणणं. तो कायदा वाईट आहे. तो लोकांची तोंडं सांभाळत नाही, यांचा गल्ला सांभाळतो. या संस्थेने ते शोधून काढलं, तुमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. त्यांचे उपकार मी मानते. पण त्याच अहवालात माझी शाळा बंद करा म्हणून लिहिलंय, तेही माझं नाव सांगून. ते मला मान्य नाही. ती शाळा नसती तर माझ्या हिमतीचं मी काय लोणचं घातलं असतं?"

टायवाले दंतवैद्य ताडकन उठले. "बघा, बाईच सांगतात, शिक्षणाशिवाय हे काम होत नाही. आमचं तरी वेगळं काय म्हणणं आहे?"

"तुमचं म्हणणं असं, की शिकलेल्यालाही दार नको," वन्सं म्हणाल्या. "माझी परीक्षा घ्या ना. आज घ्या. माणूस आणा, माप घेते, कवळी करते, बसवते, त्याच्याशी भांडते. नापास झाले तर तुमच्या हाताने टाळं लावा. पण परीक्षाच न घेता नापास करायचं, हे कुठलं शास्त्र? दात-ओठ खाऊ नका हो, तुमचे अजून स्वतःचे आहेत, जपा."

एवढं बोलून त्या बसल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की रागच आला.

झालं मात्र संचालिकाबाई म्हणाल्या होत्या तेच. संघटनेने प्रशिक्षणाचा मुद्दा धरून ठेवला, दोन आमदार शाळांवर घसरले, एकाने खर्च काढला. अध्यक्ष म्हणाले, या सर्व बाबींचा एकत्रित विचार व्हायला हवा. सरकारी भाषेत त्याला विचार म्हणतात, आमच्या भाषेत खुंटीला टांगणं. मसुदा टांगला गेला.

बाहेर व्हरांड्यात अहवालाने आम्हाला गाठलं. डोळे लाल झाले होते. "मावशी, वर्षभराचं काम पाण्यात घातलंत तुम्ही."

"तुझं वर्ष गेलं, मला वाईट वाटतं," वन्सं म्हणाल्या. "माझं आयुष्य होतं रे ते. तू त्याचा मधला तुकडाच काढून टाकलास आणि मला सांगतोस की बसतंय नीट." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही.

पुढे संस्थेचा तो अहवाल छापून आला. चौकटीत एक न्हावी आहे, उदास चेहऱ्याचा. त्याचा अडथळाही खराच असणार. चौथी शिफारस तशीच आहे, फक्त 'चौकट पाहा' हे शब्द गेले. शाळा बंद होईल की राहील, मला ठाऊक नाही.

वकीलबाई आता येईनाशा झाल्या. खटला उभा राहिला तेव्हा वन्सं एकट्याच उभ्या राहिल्या. न्यायाधीश मवाळ होते. म्हणाले, तुम्हाला गुन्हा कबूलच आहे, तर दंड भरा आणि पुन्हा कोणाच्या तोंडात हात घालणार नाही असं लिहून द्या, मी सील काढायला सांगतो.

"दंड भरते. लिहून देणार नाही."

"का?"

"कारण मी उद्या परत घालणार आहे. आज खोटं लिहून दिलं तर तो दुसरा गुन्हा होईल."

न्यायाधीशांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग दंड सांगितला आणि सील तसंच ठेवलं.

त्या संध्याकाळी मी माझ्या घरातली पुढची खोली रिकामी करायला घेतली. सोफा आतल्या खोलीत ढकलला. माझा नवरा म्हणाला, "अगं, उद्या आपल्या घराला सील लावतील." मी म्हटलं, "लावू देत. मग तुझ्या आईच्या घरी करू. तिथे लावलं तर गच्चीवर करू. तू ती खुर्ची उचल, खिडकीशी उजेड आहे तिथे ठेव." वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या. एरवी खुर्ची कुठे ठेवावी यावर त्यांनी तासभर डोकं खाल्लं असतं. त्या दिवशी त्यांनी पुढे होऊन खुर्चीची दुसरी बाजू धरली.

दुसऱ्या दिवशी मी पाटी रंगवून घेतली आणि खिळे ठोकून रस्त्याच्या बाजूला लावली. वर मोठ्या अक्षरांत 'येथे कवळी बसवून मिळेल'. त्याखाली 'शिक्षण: सरकारी उद्योगशाळा'. आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'परवाना: दिलेला नाही'.

आठवडाही झाला नसेल, अधिकारी आले. आत कोणीतरी नव्या दातांनी वन्संशी कडाकडा भांडत होतं. अधिकाऱ्याने पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ही पाटी कोणी लावली?"

"मी," मी म्हटलं. "घर माझं आहे. लिहून घ्या."